अठ्ठावीस पॉइंट चार

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि दशांशचा राग गुरुवारपासून होता तितकाच गरम होता. रविवार उजाडला तरी निवला नव्हता.

दशांश हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. नकाशा कचेरीत नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिने एका वरिष्ठाला चारचौघांत विचारलं होतं, "बारा म्हणजे बारा पॉइंट शून्य, की बारा पॉइंट चारचं बारा केलंय?" तेव्हापासून सगळी कचेरी तिला दशांश म्हणू लागली. नाव चिडवायला ठेवलं होतं. तिला ते आवडलं, त्यामुळे चिडवणाऱ्यांची पंचाईत झाली.

तिच्या मागून मामा उतरला. हळूहळू, एकेक पायरी, हातात पिवळी मोजपट्टी. मामा म्हणजे तिचा सख्खा मामा आणि त्याच कचेरीतला निवृत्त मोजणीदार. चौतीस वर्षं त्याने टेकड्या मोजल्या. कचेरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी त्याचं वाक्य ऐकवलं जाई: जिथे पाय नाही, तिथे आकडा नाही. म्हणजे ज्या माथ्यावर तुम्ही स्वतः उभे राहिला नाहीत, त्याची उंची लिहायची नाही. दशांशने भौतिकशास्त्राची पदवी घेऊन या कचेरीत अर्ज केला तो या एका वाक्यापायी.

"तिपाई मी घेऊ का?" मामाने विचारलं.

"तुझे गुडघे तू घे, पुष्कळ झालं," ती म्हणाली. तिपाई एका खांद्यावर, दुर्बिणीची पेटी दुसऱ्यावर, अशी ती चालू लागली.

रागाचं कारण साधं होतं. नवा नियम आला होता. खिंडीपासून माथ्यापर्यंत तीस मीटर किंवा त्याहून जास्त उठाव असेल तर ती टेकडी. तिला कोणी हात लावायचा नाही. तीसच्या खाली असेल तर तो नुसता उंचवटा. तो खणायला मोकळा. गुरुवारी यादी लागली. गावाच्या पूर्वेला एका रांगेत पाच छोट्या टेकड्या आहेत, त्यातल्या चार टेकड्या ठरल्या आणि पाचवी उंचवटा. मामानेच एकतीस वर्षांपूर्वी ही रांग मोजली होती, आणि रजिस्टरात पाचवीसमोर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: २८.४. यादी लागायच्या आधीच पाचवीच्या पायथ्याला पत्र्याचं कुंपण पडलं होतं आणि खडी फोडायचं यंत्र येऊन बसलं होतं. लग्न ठरायच्या आधी मांडव.

हरकत घ्यायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. हरकतीला जागेवरची नवी मोजणी हवी आणि त्यावर परवानाधारक मोजणीदाराची सही. दशांशला परवाना मिळायला अजून सव्वादोन वर्षं होती. मामाचा परवाना शाबूत होता. तिने फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, "अगं, सोड ना, एक टेकडी ती काय," मग म्हणाला, "गारठा फार आहे." तिने ते गुडघ्यांच्या नावावर टाकलं.

पत्र्याच्या कुंपणामुळे खालून पाचवीवर जाता येत नव्हतं. म्हणजे पहिलीपासून चढायचं, चारही माथे ओलांडायचे, मग पाचवी.

पहिलीच्या पायथ्याच्या खळग्यात गवत पांढरं पडलं होतं. पाऊल टाकलं की कुरकुर आवाज यायचा. दशांशने खिशातला थर्मामीटर काढून जमिनीजवळ धरला. उणे दीड. वीस मिनिटांनी माथ्यावर पुन्हा धरला: अडीच.

"वर जास्त ऊब आहे," ती म्हणाली. क्षणभर ती राग विसरली होती. "गार हवा जड, ती रात्रभर उतारावरून घरंगळत खाली जाऊन साचते. बघ, पांढरं फक्त खळग्यातच आहे. रेघ मारल्यासारखं."

"आम्ही एवढंच म्हणायचो, खाली बसू नका, वर येऊन चहा प्या," मामा म्हणाला.

माथा म्हणजे जेमतेम चार खोल्यांच्या घराएवढी जागा. सपाट खडक, थोडं वाळकं गवत. वर कोणी नव्हतं. खाली गावातून धूर सरळ वर येत होता आणि कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं, तेही फार मनापासून नाही. मामाने बुटाच्या टोकाने गवत बाजूला केलं. खडकावर छिन्नीने कोरलेलं वर्तुळ होतं, नाण्याएवढं, मधोमध ठिपका.

"माझं," तो म्हणाला. "ठिपक्यावर पट्टी उभी करायची. पुढचा माणूस शंभर वर्षांनी आला तरी नेमकी तीच जागा."

दशांशने हातमोजा काढून वर्तुळावरून बोट फिरवलं. कडा अजून टोकदार होत्या. ज्या कचेरीत आता लोक खुर्चीतून न उठता उंच्या 'ठीकठाक' करतात, त्याच कचेरीतल्या एका माणसाने थंडीवाऱ्यात वर येऊन दगडात ठिपका कोरला होता. तिला पुन्हा तिडीक आली.

"आणि हे लोक!" ती दुसरीच्या चढावर म्हणाली. "एकालाही वाटलं नाही, जाऊन बघून यावं? एक पॉइंट सहा मीटरचा प्रश्न आहे! एवढा फरक म्हणजे किती? अकरा वेळा दुर्बीण मांडायची आणि एकदा वाचनात घोळ झाला की गेला तेवढा. तुझीही चूक होऊ शकते, मामा. मला त्याचं काही वाटत नाही. चूक कोणाचीही होते."

"होते," मामा म्हणाला.

"पण तपासायला नको? साहेब काय म्हणाले माहितीये? 'रजिस्टर म्हणजे रजिस्टर.' मी म्हटलं, साहेब, टेकडी म्हणजे टेकडी. तर म्हणे, दशांश, तू जरा पूर्णांकात राहायला शीक."

मामा हसला, पण ते हसू पुढच्याच पावलाला संपलं.

दुसरीच्या माथ्यावर वर्तुळ सापडलं, तिसरीच्याही. तिसरीवर त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. मामाने त्या वेळच्या गोष्टी सांगितल्या: पट्टी धरणारा गडी उभ्याउभ्या डुलक्या काढायचा, आणि दुर्बिणीतून आकडे झोपाळ्यावर बसल्यासारखे दिसायचे. चौथी सगळ्यात लांबट. तिथेही वर्तुळ होतं. मामा त्याच्यापाशी बराच वेळ उभा राहिला आणि समोर पाचवीकडे बघत राहिला. पाचवी तिथून बसकी दिसत होती. बोरीच्या झुडपांनी भरलेली बाजू, वर दोन मोठे धोंडे. पायथ्याला पत्रा चकाकत होता.

"चल," दशांश म्हणाली. "ऊन चढलं की दुर्बिणीत हवा थरथरते."

ती दोघं खिंडीत उतरली. खिंडीतल्या दगडावरही मामाची खूण होती. त्यावर पट्टी उभी करून तिने पहिलं वाचन घेतलं. आता मामाने पट्टी घेऊन वर जायचं, तिने मागून दुर्बीण हलवत यायचं. मामा निघाला आणि सरळ उत्तरेच्या अंगाने बोरीत शिरला. पाच मिनिटांनी झुडपातून आवाज आला, "अगं, इथून तर वाटच नाही!"

"मग कुठून होती?"

"कोण जाणे. तू बघ ना तिथून, कुठून जाता येतंय ते."

दशांशला गंमत वाटली. पहिलीवर डोळे मिटून दगड ओळखणारा माणूस इथे वाट विचारतोय. पण मोजणी चालू असताना ती दुसरं काही डोक्यात येऊ देत नसे. दक्षिणेकडून सोपी चढण होती. तिथून तिने त्याला बोलावून घेतलं. मागचं वाचन, पुढचं वाचन, तिपाई उचल, वर चल. अकरा वेळा. शेवटची पट्टी मोठ्या धोंड्यापाशी, सगळ्यात उंच खडकावर लागली. मग तशीच उलटी मोजणी करत खिंडीपर्यंत खाली, कारण परत येऊन मूळ आकड्याशी जुळल्याशिवाय मोजणी खरी नाही. फरक आला चार मिलिमीटर. इतकी चोख मोजणी तिने कचेरीच्या अंगणातही केली नव्हती.

तिने वहीत बेरीज केली. पुन्हा केली. मग वही डोक्यावर धरून ओरडली, "एकतीस पॉइंट दोन! मामा, एकतीस पॉइंट दोन! टेकडी आहे!"

चौथीवरून दोन पक्षी उडाले. मामा मान हलवून म्हणाला, "छान झालं."

दोघं पुन्हा वर गेली, कारण हरकतीच्या अर्जावर जागेवरच सही करायचा नियम होता. दशांशने अर्ज धोंड्यावर पसरला, कोपऱ्यांवर खडे ठेवले. नवा उठाव: ३१.२. जुनी नोंद: २८.४. त्याखाली ओळ होती: फरकाचे कारण.

"जुन्या खुणेची जागा लिहायची आहे," ती म्हणाली. "तुझं वर्तुळ कुठेय?"

"असेल कुठेतरी."

ती शोधू लागली. गवत बाजूला केलं, धोंड्यांच्या मागे पाहिलं, गुडघ्यांवर बसून खडक तळहाताने चाचपला. माथा केवढासा, दहा मिनिटांत इंच न इंच पाहून झाला.

"झिजलं असेल," मामा म्हणाला.

"चारही ठिकाणी नाही झिजलं."

"कोणी दगड नेला असेल."

"एवढा खडक? खिशातून?" ती म्हणाली आणि थांबली. बोरीत शिरलेला मामा तिला आठवला. कोण जाणे, म्हणाला होता. ती सावकाश उठली.

"मामा, तू इथे आला होतास ना?"

मामाने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मामा."

"परत जाताना चौथीवर उभा राहून पाहिलं होतं," तो म्हणाला. "स्पष्ट दिसत होती."

दशांशच्या तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणणं कमी पडेल; ती वाटेत कुठे थांबलीच नाही.

"पाहिलं होतं? नजरेनं? का? धुकं होतं? कोणी आजारी होतं? वादळ?"

"मोजे ओले झाले होते."

"काय?"

"खिंडीत ओढा होता तेव्हा. पाय घसरला. मोजे भिजले, पायाची बोटं बधिर झाली. गडी म्हणाला, जाऊ दे साहेब, एवढीशी तर आहे. चारची बस होती."

"मोजे!" ती म्हणाली. "एक अख्खी टेकडी मोज्यांपायी! आणि तो चार? अठ्ठावीस पॉइंट *चार*, तो चार कुठून आणला? नुसतं अठ्ठावीस लिहायचंस!"

"नुसतं अठ्ठावीस लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला असता का?" मामा अगदी हळू म्हणाला. "बाकी चारींना दशांश होता. मग हिलाही दिला."

खोटं बोलणारे लोक तिने पाहिले होते, गोलमाल आकडे देणारे रोज पाहत होती. पण दशांश चिन्ह तिच्या लेखी शपथेसारखं होतं. मी इतकं जवळ जाऊन पाहिलंय, अशी शपथ. आणि ती शपथ या माणसाने ओल्या मोज्यांवर घेतली होती, आणि वर पुढची सगळी वर्षं पोरांपुढे नाकाने कांदे सोलले होते.

"साहेबांना मी काय काय बोलले," ती म्हणाली. "सगळ्या कचेरीला. साप साप म्हणून भुई धोपटत होते. साप माझ्याबरोबर बसमध्ये अंडी सांभाळत बसला होता."

"पोरी, झालं ते झालं. आता आकडा आलाय ना बरोबर? कारण रिकामं सोड."

"रिकामं सोडलं तर नियम काय आहे?"

मामाला नियम पाठ होता. नोकरीत असताना त्यानेच त्याचा मसुदा लिहिला होता. दोन मोजण्यांत फरक असेल आणि कारण दिलेलं नसेल तर दोन्हींची सरासरी धरायची.

"एकतीस पॉइंट दोन अधिक अठ्ठावीस पॉइंट चार," दशांश म्हणाली. "भागिले दोन. एकोणतीस पॉइंट आठ. उंचवटा. उद्या संध्याकाळी पाच वाजून एक मिनिटाने ते यंत्र सुरू."

मामाच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्याने हे गणित केलंच नव्हतं.

"मग यंत्रदोष लिही," तो म्हणाला. "जुनी दुर्बीण होती. सगळ्यांना पटेल."

"पटेल. आणि त्याच दिवशी त्याच दुर्बिणीने मोजलेल्या चार टेकड्यांचं काय? रजिस्टरात तारीख एकच आहे. दुर्बीण सदोष तर पाचही आकडे बाद. एकीला वाचवायला जाऊन चार घालवू?" तिने अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "पाचवीचा आकडा एकटा खोडायचा असेल तर कारण एकच आहे. जे खरं आहे ते."

"कचेरीत माझं ते वाक्य भिंतीवर लावलंय, माहितीये ना?"

"मी रोज त्याच्याखाली बसते," ती म्हणाली.

मग ती उठली आणि सामान बांधू लागली. दुर्बीण पेटीत ठेवली, तिपाईचे पाय मिटले, पट्टे गरजेपेक्षा जास्त आवळले. मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही. खालून कुंपणाच्या आत कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. आवाज वर येईपर्यंत मऊ होत होता. बऱ्याच वेळाने मामाने तिच्याकडे पेन मागितलं. गारठ्याने शाई उतरेना म्हणून तळहातांत धरून फुंकर मारली. लिहून झाल्यावर अर्ज तिच्या हातात दिला.

'सदर माथ्यावर मी त्या दिवशी गेलो नव्हतो. आकडा अंदाजे लिहिला.' खाली सही, परवान्याचा क्रमांक.

दशांशने वाचलं. "अंदाजे नाही," ती म्हणाली. "अंदाजालाही काहीतरी मोजावं लागतं. मनाने लिहिला."

मामाने तिच्याकडे पाहिलं. अर्ज परत घेतला, 'अंदाजे' खोडलं, वर 'मनाने' लिहिलं आणि खाडाखोडीपाशी पुन्हा छोटी सही केली. परतीच्या चारही माथ्यांवर ती पुढे चालली, मामा मागे.

सोमवारी दुपारी चार वाजता मामा कचेरीत आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. अर्ज दशांशने द्यावा असं ठरलं होतं, पण त्याने तो तिच्या टेबलावरून उचलला आणि स्वतः साहेबांच्या खोलीत गेला. ती मागोमाग गेली.

साहेब म्हणजे मामाच्याच हाताखाली शिकलेला माणूस. तो उठून उभा राहिला, "या सर, या सर" झालं, चहाही आला. मग त्याने अर्ज वाचला. दशांश त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती. धक्का बसेल, चिडेल, कदाचित डोळ्यांत पाणीही येईल, अशी तिची अपेक्षा होती.

साहेब हसला.

"काय सर तुम्ही! एवढ्यासाठी एवढं लिहून आणायचं? अहो, सगळेच करायचे. शेवटच्या टेकडीला कोण जातंय कडमडायला?" त्याने अर्जाची घडी घातली. "हे मागे घ्या. तुमचं नाव कशाला खराब? सरासरी लावून टाकू, कोणाला कळणारही नाही. एक उंचवटा गेला तर जगबुडी नाही येत."

मामाचा चेहरा पांढरा पडला होता तो हळूहळू लाल झाला. कालपासून तो मान खाली घालून वावरत होता. रात्रभर झोपला नसावा. जी गोष्ट सांगताना त्याला आतडं पिळवटून काढावं लागलं होतं, ती या माणसाने टेबलावरचा खडूचा चुरा झटकावा तशी झटकली होती.

"मी तुला काय शिकवलं होतं?" त्याने विचारलं.

"सर, रागावू नका," साहेब अजून हसतच होता. "पण तुम्ही सांगितलंत ते एक, आणि तुमच्याबरोबर फिरून पाहिलं ते एक. आम्ही दुसरं शिकलो."

दशांशला वाटलं आता मामा खाली बसेल. तो बसला नाही. त्याने टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की बशीतला चहा अर्जाच्या कडेला लागला.

"घडी उलगड," तो म्हणाला. "शिक्का मार. वेळ लिही, चार वाजून बावीस मिनिटं. आणि रजिस्टर मागव. जुना आकडा माझ्यासमोर लाल शाईने खोडायचा, हा नियम आहे. तो मी लिहिलाय. निदान तो तरी खरा करून जातो."

"सर, बाहेर सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. दार उघड, पोरी."

दशांशने दार उघडलं. बाहेर टाइप करण्याचे आवाज थांबलेले होते. रजिस्टर आलं. साहेबाने लाल पेन घेतलं, २८.४ वर रेघ मारली, बाजूला ३१.२ लिहिलं आणि ओठ मुडपून सही केली. अर्जावर शिक्का पडला. टेकडी टेकडी राहिली.

"झालं समाधान?" साहेब म्हणाला.

"साहेब," दशांश म्हणाली, "सगळेच करायचे म्हणालात. सगळेच म्हणजे कोणकोण?"

"तू तुझ्या जागेवर जा."

ती गेली, पण रजिस्टर घेऊन. तिने ते आपल्या टेबलावर उघडलं आणि कोरा कागद काढला. रेघा मारल्या: टेकडी, तारीख, मोजणीदार, खूण आहे की नाही. यादी मोठी होणार होती आणि हिवाळा, म्हणजे दुर्बिणीत हवा न थरथरण्याचे दिवस, संपायला फक्त सात आठवडे होते. कोणाचं नाव आधी लिहायचं याचा विचार करत ती पेन चावत बसली होती, तेवढ्यात मामाने शेजारची खुर्ची ओढली.

"माझं आधी," तो म्हणाला. "अजून तीन आहेत."

दशांशने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. कालचा सगळा राग एका दमात परत आला, वर थोडा जास्तच.

"कुठल्या?" तिने विचारलं, आणि रजिस्टर त्याच्यापुढे फिरवलं.